पोटातील गोळा आणि त्याचे चित्र

लहान मुलाच्या पोटात गाठ आहे ही गोष्ट बहुधा डॉक्टरांना प्रथम कळत नाही. ती कळते न्हाऊ घालणाऱ्या हाताला. आई किंवा आजी साबण लावीत असताना बरगड्यांच्या खाली, एका बाजूस, काही तरी घट्ट व गुळगुळीत लागते. मूल तर हसत-खेळत असते. त्याला ताप नसतो, वेदना नसते. चड्डीची नाडी अलीकडे पोटाला रुतू लागली आहे, एवढीच काय ती तक्रार. मग एक-दोन दिवस घरात तर्क चालतात. जंत असतील, पोट साफ होत नसेल, बाळसे असेल. अखेर कोणी तरी मुलाला डॉक्टरांकडे नेते, ते पोट चाचपून पाहतात आणि फारसे न बोलता सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून देतात.

अशाच एका सोनोग्राफीचा कागद विजयनगरातील आमच्या शेजारच्या आजींनी माझ्यापुढे ठेवला. “अगं, तू दिवसभर इंग्रजीचं मराठी करतेस ना, मग एवढं वाचून दे. सूनबाई म्हणते, गुर्द्यात मांस वाढलंय.” नात तीन वर्षांची. कागदावरचा शब्द होता ‘मास’. इंग्रजीत त्याचा अर्थ पुंजका, गोळा. मराठीत मास म्हणजे महिना. आणि जबलपुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या कानावर तो पडतो हिंदीतील मांस होऊन. तीन भाषांच्या तिठ्यावर राहण्याचे सुख पुष्कळ आहे, परंतु रुग्णालयाच्या कागदापुढे त्याचा उपयोग होत नाही. आपल्या भाषेत ‘पोटात गोळा उठणे’ म्हणजे भय वाटणे; येथे गोळाही खरा होता आणि भयही खरे होते. तो कागद ओळीओळीने समजावून सांगताना जे सांगावे लागले, ते इतर घरांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून यंदाच्या सदरात तोच विषय घेतला आहे.

प्रथम त्या ‘मास’ शब्दाविषयी. डॉक्टर हा शब्द जाणूनबुजून वापरतात. त्याचा अर्थ कर्करोग असा नव्हे. जेथे काही नसावे तेथे जागा व्यापणारे काही तरी आहे, एवढेच तो सांगतो. ते काय आहे हे सांगण्याची घाई करीत नाही. आणि ते काय असेल हे पुष्कळ अंशी मुलाच्या वयावर अवलंबून असते. अगदी तान्ह्या बाळाच्या पोटातील गोळा बहुधा गाठ नसतोच. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत जन्मतः अडथळा असला म्हणजे मूत्र मागे तुंबते आणि मूत्रपिंड फुग्यासारखे फुगते; किंवा ते घडतानाच बिघडून द्राक्षाच्या घोसासारखे पाण्याच्या पिशव्यांचे बनलेले असते. यांपैकी पुष्कळ दोष आता गर्भावस्थेतील सोनोग्राफीतच दिसून येतात. पहिल्या तीन महिन्यांत मूत्रपिंडाची घट्ट गाठ आढळली, तर तीही बहुशः फारशी घातक नसलेल्या एका निराळ्या जातीची असते.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. डाव्या बरगडीखाली लागणारा प्रत्येक गोळा मूत्रपिंडाचा नसतो. तो वाढलेल्या प्लीहेचाही असू शकतो. मंडला, डिंडोरी या जबलपूरच्या शेजारच्या जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार बराच आढळतो आणि हिवतापाची ओळखही जुनीच. दोहोंतही प्लीहा वाढते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 1984 साली आदिवासींच्या आरोग्याविषयी संशोधन करणारे केंद्र जबलपुरातच स्थापन केले, त्यामागे या भागाची ही परिस्थितीच आहे. अनुभवी डॉक्टर हातानेच प्लीहा व मूत्रपिंड यांतील भेद पुष्कळदा ओळखतात, परंतु सोनोग्राफी तो काही क्षणांत निकालात काढते.

एक वर्ष ओलांडून पाच वर्षांपर्यंतच्या मुलात मात्र मूत्रपिंडातून निघालेली मोठी, भरीव गाठ दिसली, तर डॉक्टरांच्या मनात पहिले नाव येते ते विल्म्सच्या गाठीचे. माक्स विल्म्स या जर्मन शल्यवैद्याने 1899 साली या गाठींवर विस्तृत ग्रंथ लिहिला, म्हणून त्याचे नाव तिला मिळाले. तो स्वतः 1918 साली, पन्नाशीतच, घटसर्पाने मरण पावला. गर्भात मूत्रपिंड ज्या पेशींपासून घडते, त्यांतील काही पेशी जन्मानंतरही प्रौढ न होता तशाच राहतात आणि पुढे केव्हा तरी बेसुमार वाढू लागतात. अशी ही गाठ आहे. सुमारे दहा हजार मुलांत एकास ती होते आणि बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी उघडकीस येते. आईच्या खाण्यापिण्याने, कोणाच्या दृष्टीने वा मूल पडल्याने ती होत नाही. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण अशा वेळी घरात सर्वांत आधी शोध सुरू होतो तो चूक कोणाची याचा, आणि तो शोध बहुधा सुनेपाशी येऊन थांबतो.

आता चित्राकडे वळू. राँटगेनने क्ष-किरण शोधून काढले ते 1895 च्या नोव्हेंबरात. परंतु क्ष-किरणांना हाड दिसते तसे मूत्रपिंड दिसत नाही. मांसल अवयव एकमेकांत मिसळून करडे होऊन जातात. 1929 मध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टराने बर्लिन येथे, फॉन लिख्टेनबेर्ग या मूत्ररोगतज्ज्ञाच्या हाताखाली, आयोडीनयुक्त असे एक औषध उपयोगात आणले, की जे शिरेतून दिले असता मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि क्ष-किरणांना अडवते. त्यामुळे मूत्रमार्गाची आकृती काचेवर उमटू लागली. पुढची चाळीस-पन्नास वर्षे मुलाच्या पोटातील गाठ ओळखण्याचे मुख्य साधन हेच होते. पण त्यात गाठ दिसत नसे; गाठीने मूत्रमार्ग कसा वाकवला व पसरवला हे दिसे. भिंतीवरील सावलीवरून माणूस ओळखावा तसा तो प्रकार.

सोनोग्राफीने ही अडचण दूर केली. आपल्याकडे हे यंत्र गर्भवतीशी इतके जोडले गेले आहे, की तीन वर्षांच्या मुलीची सोनोग्राफी करावयाची म्हटल्यावर आजींना नवल वाटले. केंद्राच्या दारावर लिंगनिदान केले जात नसल्याची पाटी असते, ती 1994 च्या कायद्याने लावावीच लागते. त्या पाटीमुळे यंत्राचा दुसरा उपयोग लोकांच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1958 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत जो प्रसिद्ध निबंध छापला, त्याचा विषय पोटातील गोळे हाच होता. त्यांनी तपासलेल्या एका बाईला असाध्य कर्करोग झाला आहे असे वैद्यांचे मत पडले होते. ध्वनिलहरींनी दाखविले की आत केवळ द्रवाने भरलेली भली मोठी पिशवी आहे. ती काढली आणि बाई बरी झाली.

यंत्राची युक्ती समजण्यास कठीण नाही. माणसाच्या कानाला सेकंदास वीस हजारांवरील कंपने ऐकू येत नाहीत. हे यंत्र लक्षावधी कंपनांचा ध्वनी शरीरात सोडते आणि आतून परत येणारे प्रतिध्वनी टिपते. द्रवातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून पडद्यावर तो काळा दिसतो. भरीव गाठ करडी दिसते. मध्ये हवा आली तर ध्वनी अडतो, यास्तव पोटाला तो थंडगार चिकट लेप लावतात. मुलांची पोटाची भिंत पातळ असल्याने चित्र उत्तम येते. किरणोत्सर्ग नाही, भूल नाही, मूल आईच्या मांडीवर असले तरी चालते. उणीव एवढीच की चित्राचा दर्जा हात फिरवणाऱ्याच्या कसबावर अवलंबून असतो. म्हणून शक्य तेथे मुलांच्या तपासणीची सवय असलेल्या तज्ज्ञाकडे जावे.

आजींच्या कागदावरची एक ओळ अशी होती, की गाठीच्या कडेस मूत्रपिंडाचा उरलेला भाग ‘नांगी’सारखा दिसत आहे. हे ऐकून त्या दचकल्या, आणि ते स्वाभाविक होते. कर्क म्हणजे खेकडा, आणि त्यातही नांगी! परंतु येथे नांगी आहे ती रोगाची नव्हे, मूत्रपिंडाची. गाठ मूत्रपिंडाच्या आतूनच वाढली म्हणजे ती त्याला आतून ताणते, आणि निरोगी मूत्रपिंडाचा पातळ झालेला काठ दोन्ही बाजूंनी गाठीला कवटाळल्यासारखा दिसतो. गाठ बाहेरून आली असती, तर तिने मूत्रपिंड अखंडच बाजूला ढकलले असते. त्या एका ओळीने उगमाचे ठिकाण सांगितले, आणि उगमावरच पुढचे सर्व अवलंबून असते.

कारण याच वयात, याच जागी, एक दुसरी गाठ होते. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी व पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंची जाळी यांतून ती निघते. न्यूरोब्लास्टोमा हे तिचे नाव. हाताला दोन्ही सारख्याच लागतात. चित्रात मात्र ही दुसरी गाठ मूत्रपिंडाला खाली किंवा बाजूस लोटते, मोठ्या रक्तवाहिन्यांना दूर न सारता त्यांच्याभोवती वेढा घालते, आणि पुष्कळदा तिच्यात चुन्याचे कण चमकताना दिसतात. मूलही निराळे दिसते. विल्म्सची गाठ असलेले मूल बहुधा अंगणात पळत असते. दुसऱ्या रोगाचे मूल मलूल, फिकट, हाडे दुखतात म्हणून रडणारे, कधी डोळ्यांभोवती काळसर वर्तुळे आलेले असते. दोहोंचे औषध वेगळे, शस्त्रक्रियेचा क्रम वेगळा आणि आशाही वेगळी. एकीचे औषध दुसरीला देणे म्हणजे मौल्यवान आठवडे वाया घालविणे होय.

कागदाच्या पुढच्या दोन ओळी आजींना अगदी निरर्थक वाटल्या होत्या, आणि मला त्याच सर्वांत सुखद वाटल्या. ‘मूत्रपिंडाची शीर व मोठी शीर मोकळी आहे’ अशी एक; ‘उजवे मूत्रपिंड प्राकृत आहे’ अशी दुसरी. विल्म्सची गाठ काही मुलांत शिरेच्या आत शिरून दोरीसारखी वर चढते, क्वचित हृदयाच्या कप्प्यापर्यंत जाऊन पोहोचते. हे ठाऊक नसताना शस्त्रक्रिया करणे धोक्याचे. रक्ताचा प्रवाह दाखविणारी डॉप्लर सोनोग्राफी शीर मोकळी आहे की नाही हे चांगले सांगते. आणि शंभरांतील पाच-सात मुलांत गाठी दोन्ही मूत्रपिंडांत असतात. तसे असले तर शल्यवैद्याचा सारा बेत बदलतो, कारण दोन्ही काढून टाकता येत नाहीत. मूत्रपिंडाचा होईल तेवढा भाग वाचवावा लागतो.

एवढे कळले असताना पुन्हा सीटी स्कॅन कशासाठी, असा प्रश्न खर्चाने धास्तावलेल्या बापाने विचारला, तो रास्त होता. हे यंत्र इंग्लंडातील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी घडविले. 1971 च्या ऑक्टोबरात विम्बल्डनच्या रुग्णालयात त्याने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले आणि 1979 साली अॅलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते आणि गणकयंत्र त्यांतून पावाच्या कापांसारखी आडवी चित्रे रचते. गाठीची नेमकी मर्यादा, आजूबाजूच्या लसिका-ग्रंथी, यकृत, दुसऱ्या मूत्रपिंडातील बारीक डाग हे त्यात दिसतेच; शिवाय फुप्फुसे दिसतात. विल्म्सची गाठ पसरली तर प्रथम फुप्फुसांत पसरते, आणि तेथे सोनोग्राफी चालत नाही, कारण तेथे सगळी हवाच. म्हणून छातीचेही चित्र घेतात.

परंतु सीटी स्कॅन म्हणजे क्ष-किरणांची बरीच मोठी मात्रा. मुलाच्या पेशी वाढत्या, आणि त्याच्यापुढे आयुष्यही लांब. एका तपासणीने होणारा धोका फार थोडा आहे आणि गाठीच्या धोक्यापुढे तो नगण्य. तरी विनाकारण दुसऱ्यांदा तपासणी नको. मोठ्या माणसासाठी लावलेली मात्रा मुलासाठी कमी करावी लागते आणि या कामासाठी बहुधा औषध शिरेतून दिल्यानंतरची एकच फेरी पुरते. ‘मुलीच्या वजनाप्रमाणे मात्रा ठेवाल ना?’ एवढे नम्रपणे विचारण्याचा आई-वडिलांना पूर्ण अधिकार आहे. चांगला तज्ज्ञ त्याने रागावत नाही. एमआरआय या चुंबकीय यंत्रात क्ष-किरण नाहीत आणि दोन्ही मूत्रपिंडांच्या गाठींसाठी ते विशेष चांगले. परंतु त्यास वेळ पुष्कळ लागतो, ते ठकठक आवाज फार करते, आणि तीन वर्षांचे मूल त्यात निश्चल पडून राहणे अशक्य असल्याने गुंगीचे औषध द्यावे लागते. फुप्फुसांसाठी पुन्हा सीटी हवेच.

इतकी चित्रे काढूनही रोगाचे नाव शंभर टक्के निश्चित होते काय? होत नाही. अखेरचा शब्द सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणाऱ्याचा. आणि येथेच जगातील डॉक्टरांचे दोन पंथ आहेत. अमेरिकेत 1969 पासून चाललेल्या अभ्यासांनी आधी शस्त्रक्रिया, मग औषध असा क्रम ठरविला. युरोपातील बालकर्करोगतज्ज्ञांनी 1971 पासून उलट मार्ग धरला: आधी सुमारे चार आठवडे औषधे देऊन गाठ आवळून घ्यावी, नंतर ती काढावी, म्हणजे शस्त्रक्रियेत ती फुटण्याची भीती कमी. दोन्ही मार्गांचे फळ जवळजवळ सारखेच चांगले आहे. परंतु दुसऱ्या मार्गात, वय व चित्र नेहमीचे असेल तर, सुईने तुकडा न काढताच औषध सुरू करतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलीच्या शिरेत कर्करोगाचे औषध सोडावयाचे, ते केवळ चित्राच्या भरवशावर! शंभरांत एक-दोन मुलांत ती गाठ निरुपद्रवी निघते हे माहीत असूनही हा धोका पत्करतात. आपल्याकडे मुले पुष्कळदा गाठ फार मोठी झाल्यावर येतात, त्यामुळे आधी औषध हाच मार्ग अनेक ठिकाणी सोयीचा ठरतो. चित्र नीट काढणे व ते जाणत्या डोळ्यांनी पाहणे यांस किती महत्त्व आहे, ते यावरून दिसेल.

आता घरातील माणसांनी काय करू नये हे सांगणे अवश्य आहे. गाठ आहे असे कळताच आत्या, मावश्या, शेजारणी एकेक करून येतात आणि ‘पाहू बरं’ म्हणून पोट दाबून पाहतात. हे ताबडतोब बंद करावे. ही गाठ मऊ व ठिसूळ असते. दाबाने किंवा धक्क्याने फुटली तर तिच्या पेशी पोटभर पसरतात आणि रोग एका पायरीने वर चढतो. मालीश नको, पोट बांधणे नको. आणि डागणे तर मुळीच नको. मेळघाटात तान्ह्या मुलाचे पोट फुगले म्हणजे तापलेल्या विळ्याने चटके देण्याची जुनी चाल आहे. आमच्या बाजूस शहडोल जिल्ह्यात 2023 च्या फेब्रुवारीत न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या बालकांना तापल्या सळईने डागल्याच्या आणि ती दगावल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या आहेत. डागणाऱ्या आजीची माया खोटी नसते. म्हणूनच तिला रागे भरण्यापेक्षा पडद्यावरचे चित्र दाखविणे अधिक गुणकारी होते, असा अनुभव आहे.

दुसरे, कागदपत्रांविषयी. तपासणीनंतर छापील अहवाल, फिल्म आणि सीडी असे तिन्ही मिळते. लोक अहवाल जपतात व सीडी घरी कपाटात ठेवून जातात. अहवाल हे एका माणसाने चित्राचे केलेले वर्णन आहे. शल्यवैद्याला मूळ चित्र हवे असते. भाषांतराचा धंदा करणाऱ्या माझ्यासारखीला हे चांगले कळते, की भाषांतर कितीही चांगले असले तरी मूळ पाहिल्यावाचून पुढचा निर्णय करू नये. सीडी नसेल तर मोठ्या रुग्णालयात सारी तपासणी पुन्हा होते. पैसा जातो, आठवडा जातो आणि मुलाच्या अंगावर किरणांची मात्रा दुसऱ्यांदा पडते.

जबलपुरात 1955 साली निघालेले, आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव धारण करणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विजयनगरवासीयांस ते शहराचे दुसरे टोक. पुढचा प्रश्न येतो तो नागपूर की मुंबई हा. 1956 पर्यंत नागपूर हीच आमच्या प्रांताची राजधानी होती आणि मराठी घरांचे सोयरे अजून तिकडेच आहेत. मुंबईही परकी नाही. कलकत्त्याकडून व मुंबईकडून आलेले लोहमार्ग 1870 साली जोडले गेले ते जबलपुरातच. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून चालू आहे, आणि तेथे बालकर्करोगाचा स्वतंत्र विभाग आहे. 2018 साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षास पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. कार्ड असेल तर ते सीडीच्याच पिशवीत ठेवावे. शेजारची मुलगी नागपुरास गेली. मामाचे घर तेथे असल्याने आईची राहण्याची सोय झाली, आणि हे कारण लहान नाही. उपचार अर्धवट सुटतात ते बहुधा औषध लागू पडत नाही म्हणून नव्हे, तर परगावी सहा-सहा महिने राहावे कोठे, घरच्या दुसऱ्या मुलाला पाहावे कोणी, रोजगार बुडवावा किती, यांपायी. तिचे औषध सुरू आहे. चौथ्या आठवड्यानंतर पुन्हा चित्र घेऊन शस्त्रक्रियेचा दिवस ठरावयाचा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही गाठ झालेली बहुतेक मुले दगावत. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी 1950 नंतर अॅक्टिनोमायसिन हे औषध या गाठीवर वापरून दाखविले आणि चित्र पालटू लागले. आज संपन्न देशांत शंभरांतील सुमारे नव्वद मुले बरी होतात. आपल्याकडचा आकडा त्याहून खाली राहतो, त्याची कारणे वर आलीच आहेत.

काही मुले अशी असतात की त्यांच्यात गाठीची वाट पाहत बसावे लागत नाही. ज्यांच्या डोळ्यांत जन्मतः बुबुळाचे रंगीत कडे नसते, ज्यांच्या शरीराची एक बाजू दुसरीहून ठळकपणे मोठी असते, किंवा ज्यांची जीभ जन्मापासूनच फार मोठी असते, त्यांच्यात ही गाठ होण्याचा संभव इतरांहून अधिक. अशा मुलांची दर तीन महिन्यांनी, साधारण सात वर्षांची होईपर्यंत, सोनोग्राफी करण्याचा सल्ला देतात. तीन महिन्यांचे अंतर उगाच नाही. गाठ इतक्या वेगाने वाढते की सहा महिन्यांत ती लिंबाएवढीची नारळाएवढी होऊ शकते.

उपचार संपल्यावरही चित्रांशी संबंध तुटत नाही. पहिली दोन-तीन वर्षे ठरावीक अंतराने पोटाची सोनोग्राफी व छातीचे चित्र घेतात. टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने 1991 मध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळे चिकित्सालय सुरू झाले, त्याचे काम हेच: मुलाची वाढ, हृदय, रक्तदाब आणि उरलेले मूत्रपिंड यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे. एका मूत्रपिंडावर मूल शाळेत जाते, धावते, पोहते. पाणी पुरेसे प्यावे, रक्तदाब मोजून घ्यावा आणि दुकानातून दुखण्याच्या गोळ्या परस्पर आणून देऊ नयेत, एवढे पथ्य. एकट्या उरलेल्या मूत्रपिंडावर दोघांचे काम पडल्याने ते हळूहळू मोठे होत जाते, आणि सोनोग्राफी करणारा दर वेळी त्याची लांबी मोजून मागच्या आकड्याशेजारी लिहून ठेवतो.